पासवर्डची हिरवी पट्टी नेमकं काय मोजते?

नवं खातं उघडताना पासवर्डच्या चौकटीखालची पट्टी लाल, मग पिवळी, मग हिरवी होत जाते. तोच पासवर्ड दुसऱ्या संकेतस्थळावर टाकला की पट्टी पिवळ्यावरच अडते, आणि तिसरीकडे 'एक तरी चिन्ह हवं' म्हणून दारातूनच परत पाठवतात. हा आपला भास नाही. माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी मोठमोठ्या संकेतस्थळांची अशी मीटरं शेजारीशेजारी ठेवून तपासली आणि २०१४ साली निष्कर्ष मांडले. एकच पासवर्ड एकीकडे कच्चा ठरत होता, तर दुसरीकडे पक्का.

त्यात २०२५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, आपली मार्गदर्शिका नव्याने काढली. 'एक मोठं अक्षर, एक अंक, एक चिन्ह' अशी सक्ती करू नका, ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायलाही लावू नका, असं तिने स्पष्ट सांगितलं. ही मार्गदर्शिका अमेरिकी सरकारी खात्यांसाठी आहे, भारतातल्या बँकांना ती बंधनकारक नाही. तरी जगभरचे डेव्हलपर तिच्याकडे बघूनच नियम ठरवतात. मग हे नियम काढून टाकले तर ताकद मोजायची कशावरून?

(पुढचे नमुने देवनागरीत दिले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे ते रोमन अक्षरांत टाइप केले आहेत असं धरा.)

## जुना हिशेब: अक्षरं मोजा

इंग्रजी कीबोर्डवर लहान-मोठी अक्षरं, अंक, चिन्हं आणि स्पेस मिळून ९५ पर्याय आहेत. आठ जागा असतील तर ९५ ला ९५ ने असं आठ वेळा गुणायचं. उत्तर येतं सुमारे ६६ कोटी कोटी. आकडा दणदणीत आहे, पण तो खरा ठरण्यासाठी आठही अक्षरं यंत्राने चिठ्ठ्या टाकून निवडलेली असावी लागतात.

माणूस तसं करत नाही. सक्तीचा नियम समोर आला की तो 'पासवर्ड' हाच शब्द घेतो, पहिलं अक्षर मोठं करतो, 'ए'च्या जागी @ आणि 'ओ'च्या जागी शून्य टाकतो. आठ अक्षरं झाली, मोठं-लहान झालं, अंक झाला, चिन्ह झालं. नियमाच्या वहीत सगळीकडे बरोबरची खूण. आपल्याकडचा अवतार म्हणजे नाव, @ आणि १२३. महिन्या-दोन महिन्यांनी बदलायची सक्ती असेल तर १२३ चं १२४ होतं.

हे नियम रूढ करण्यात ज्यांच्या लेखणीचा मोठा वाटा होता, ते निस्टचे बिल बर. त्यांनी २०१७ साली एका अमेरिकी दैनिकाशी बोलताना, आपण तेव्हा दिलेल्या बऱ्याचशा सल्ल्याबद्दल वाईट वाटतं, असं उघडपणे सांगितलं. त्यांना फार दोष देता येत नाही. तेव्हा खरे पासवर्ड मोठ्या संख्येने अभ्यासायला उपलब्धच नव्हते.

## फोडणारा सुरुवात कुठून करतो

किल्ली हरवली की आपण आधी खुंटी बघतो, मग ड्रॉवर, मग कालच्या पँटचा खिसा. घरातली प्रत्येक फरशी क्रमाने तपासत बसत नाही. पासवर्ड फोडणाराही असाच, जिथे सापडण्याची शक्यता जास्त तिथून सुरू करतो.

हे तसं जुनंच ज्ञान आहे. युनिक्स या संगणकप्रणालीवर काम करणाऱ्या रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉमसन यांनी १९७९ साली ३२८९ पासवर्ड तपासले होते. त्यातले ८६ टक्के एक तर फार छोटे होते, नाही तर शब्दकोशात वगैरे सहज सापडणारे. डिसेंबर २००९ मध्ये 'रॉकयू' या कंपनीचे ३ कोटी २० लाखांवर पासवर्ड बाहेर फुटले, तेही जसेच्या तसे, वाचता येतील असे. माणसं खरोखर काय निवडतात ते आता सगळ्यांनाच दिसलं. पहिल्या क्रमांकावर होतं १२३४५६.

इथून मोजमापाची व्याख्याच बदलली. शहाण्या फोडणाऱ्याला तुमचा पासवर्ड कितव्या प्रयत्नात सापडेल, तो आकडा म्हणजे ताकद. याला आपण अंदाज-क्रमांक म्हणू. हल्लीचं कुठलंही बरं मीटर हाच क्रमांक काढायला बघतं.

## कीबोर्डच्या खालच्या ओळीतलं सॉफ्टवेअर

या कामासाठी सर्वांत जास्त वापरलं गेलेलं मोफत सॉफ्टवेअर म्हणजे 'झेडएक्ससीव्हीबीएन'. हे नाव म्हणजे इंग्रजी कीबोर्डच्या सर्वांत खालच्या ओळीतली पहिली सहा अक्षरं. ड्रॉपबॉक्स कंपनीत डॅन व्हीलर यांनी ते लिहिलं, २०१२ साली खुलं केलं आणि २०१६ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

ते पासवर्डचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकडा ओळखीचा आहे का बघतं. फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत आहे का? नाव-आडनाव आहे का? शब्द उलटा लिहिलाय का? @, ०, ३ अशी वेषांतरं आहेत का? कीबोर्डवर शेजारशेजारच्या कळा दाबल्यात का? तारीख आहे का? ओळखीचा तुकडा यादीत जितक्या वर, तितके प्रयत्न कमी. अनोळखी तुकड्याला प्रत्येक अक्षरामागे दहापट. तुकडे पाडायच्या अनेक तऱ्हांपैकी सर्वांत कमी प्रयत्नांची तऱ्हा ते निवडतं, कारण फोडणाराही तीच निवडेल.

मघाचा नटवलेला 'पासवर्ड' यात घालून बघू. मूळ शब्द यादीत दुसरा, म्हणजे २ प्रयत्न. पहिलं अक्षर मोठं, दुप्पट. @ मुळे दुप्पट, शून्यामुळे आणखी दुप्पट. एकूण १६. कुठे ६६ कोटी कोटी आणि कुठे सोळा!

तारखेचंही तेच. जन्मतारखेचे आठ अंक म्हटले की वरवर दहा कोटी शक्यता वाटतात. पण फोडणारा वर्षं मागे मागे जात तारखा लावतो. चालू वर्षापासून ३० वर्षं मागची तारीख असेल तर ३६५ गुणिले ३०, म्हणजे १०,९५० प्रयत्न. मध्ये तिरक्या रेघा टाकल्या तर सॉफ्टवेअर याला आणखी चारने गुणतं, त्याहून जास्त भाव देत नाही.

शेवटी ० ते ४ असे गुण मिळतात. साधारण हजार प्रयत्नांच्या आत सापडला तर ०, दहा लाखांच्या आत १, दहा कोटींच्या आत २, हजार कोटींच्या आत ३, त्यापुढे ४. ३ च्या खालचं काही स्वीकारू नये हे बरं.

## दहा कोटी प्रयत्न म्हणजे किती वेळ?

प्रयत्न कुठे चाललेत यावर ते आहे. संकेतस्थळाच्या लॉगिनवर तासाला शंभरच प्रयत्न करू दिले, तर दहा कोटींना ११४ वर्षं लागतात. पण कंपनीचा सगळा साठाच चोरीला गेला तर फोडणारा स्वतःच्या यंत्रावर निवांत बसतो. नीट बनवलेल्या संकेतस्थळाच्या साठ्यात पासवर्ड नसतो, त्याचा हॅश असतो. हॅश म्हणजे पासवर्डवरून काढलेली ठरावीक लांबीची खूण, जिच्यावरून उलट पासवर्ड काढता येत नाही. फोडणारा एकेका अंदाजाचा हॅश काढून जुळवत बसतो. हॅशची पद्धत मुद्दाम संथ असेल, सेकंदाला दहा हजार प्रयत्न होत असतील, तर दहा कोटींना पावणेतीन तास. पद्धत जुनी आणि वेगवान असेल, सेकंदाला हजार कोटी प्रयत्न होत असतील, तर सेकंदाचा शंभरावा भाग.

पट्टी हिरवी आहे, पण त्या संकेतस्थळाने साठा कसा ठेवलाय ते तिला ठाऊक नसतं. म्हणून एकच पासवर्ड दोन ठिकाणी वापरणं हा सर्वांत महागात पडणारा आळस.

## मराठी शब्द आला की मीटर फसतं

आपल्या दृष्टीने खरी गोम इथे आहे. झेडएक्ससीव्हीबीएनच्या मूळ याद्या आल्या कुठून? फुटलेले पासवर्ड, अमेरिकी जनगणनेतली नावं-आडनावं, इंग्रजी विकिपीडियातले शब्द, अमेरिकी मालिका-चित्रपटांतले संवाद. देवाचं नाव, गावाचं नाव, घोषणा, लाडाचं नाव यांपैकी जे या याद्यांत नाही ते त्याला कोरी अक्षरं वाटतात. अशी बारा अनोळखी अक्षरं झाली की प्रत्येकी दहापट धरून एकावर बारा शून्यं, म्हणजे एक लाख कोटी, आणि गुण ४ पैकी ४. मधला एखादा तुकडा चुकून इंग्रजी शब्दाशी जुळला तर आकडा खाली येतो, एवढंच. इकडे महाराष्ट्रातली खाती फोडायला बसलेल्या माणसाच्या यादीत तीच घोषणा पहिल्या पानावर असते.

मोबाइल नंबर घ्या. दहा अंकांना मीटर हजार कोटी प्रयत्न धरतं. पण भारतातला नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो, म्हणजे वरची मर्यादाच ४०० कोटी. ज्याला तुमचा नंबर ठाऊक आहे त्याला एकच प्रयत्न पुरतो. गाडीचा नंबर तसाच: 'एमएच१२', मग दोन अक्षरं, मग चार अंक, मिळून जास्तीत जास्त ६७ लाख ६० हजार. त्यात गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये नंबर दाखवतच उभी असते.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. मूळ सॉफ्टवेअरला पासवर्डसोबत आपली यादी देता येते. २०१७ नंतर मूळ आवृत्ती जवळपास थांबली, पण टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहिलेली 'झेडएक्ससीव्हीबीएन-टीएस' ही आवृत्ती पुढे चालू आहे. तिच्यात भाषावार याद्या वेगळ्या पुड्यांत ठेवल्या आहेत, हव्या त्या जोडायच्या. मराठी यादी बनवताना मात्र तीन ठिकाणी हमखास घोटाळा होतो.

पहिला घोटाळा क्रमाचा. यादीतली जागा म्हणजेच प्रयत्नांची संख्या. यादी अकारविल्हे लावली तर 'अ'ची दुर्मीळ नावंही कच्ची ठरतात आणि पन्नास हजाराव्या जागेवर गेलेलं 'विठ्ठल' पन्नास हजार प्रयत्नांचं होतं. यादी वापराच्या क्रमानेच हवी, जास्त वापरलं जाणारं वर.

दुसरा स्पेलिंगचा. 'श्री' रोमनमध्ये कुणी शेवटी 'आय' लावून लिहितं, कुणी दोन 'ई' लावून, कुणी मधला 'एच' खाऊन. 'झ'ला कुणी 'जेएच' लिहितं, कुणी 'झेड'. 'ज्ञ'ला 'डीएन', 'जीएन', 'जीवाय' सगळं चालतं. यादीत एकच रूप ठेवलं तर बाकीची मोकळी सुटतात. नियम लावून सगळी रूपं तयार करावी लागतात.

तिसरा आकाराचा. मूळ सॉफ्टवेअर याद्यांसकट सुमारे ८२० किलोबाइटचं आहे, दाबून पाठवलं तरी ४०० च्या आसपास. त्यात लाखभर मराठी शब्द कोंबले तर तालुक्याच्या गावी पान उघडायलाच वेळ लागेल. वरचे दहा-पंधरा हजार शब्द ब्राउझरमध्ये ठेवायचे, पूर्ण यादी सर्व्हरवर. तसंही अंतिम तपासणी सर्व्हरवरच झाली पाहिजे, कारण ब्राउझरमधलं मीटर कुणीही बंद करू शकतं.

यादी तयार झाली की शे-दोनशे नेहमीचे मराठी पासवर्ड तिच्यातून सोडून बघायचे. एकालाही २ पेक्षा जास्त गुण मिळाले तर यादी अजून कच्ची आहे.

## देवनागरीतच पासवर्ड ठेवला तर?

कल्पना चांगली आहे, फक्त दोन खड्डे आहेत. 'कऱ्हाड' हा शब्द संगणकात तीन तऱ्हांनी साठतो. एकात 'ऱ' हे एकच चिन्ह असतं, दुसऱ्यात साधा 'र' आणि खाली नुक्ता म्हणजे टिंब, तिसऱ्यात 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, हॅश मात्र तीन निघतात. फोनवर ठेवलेला पासवर्ड लॅपटॉपवर 'चुकीचा' ठरतो तो यामुळे. हॅश काढण्यापूर्वी युनिकोडचं सामान्यीकरण केलं, म्हणजे सारखी दिसणारी रूपं एका साच्यात आणली, तर पहिली दोन एक होतात. तिसरं तरीही वेगळंच राहतं. त्याची सोय डेव्हलपरने स्वतः करायची.

दुसरा खड्डा लांबीचा. बीक्रिप्ट ही हॅशची लोकप्रिय पद्धत पहिले ७२ बाइटच बघते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन, आणि काना-मात्रा-हलन्त ही स्वतंत्र चिन्हं धरली जातात. म्हणजे २४ चिन्हांपुढे तुम्ही काहीही लिहा, बहुतेक ठिकाणी ते गुपचूप सोडून दिलं जातं. मीटर पूर्ण ओळ मोजून हिरवं होतं आणि कुलूप तिचा पहिला तुकडाच बघतं.

## 'तपासायला दिलेला पासवर्डच कुणी चोरला तर?'

शंका रास्त आहे. अनोळखी 'पासवर्ड तपासा' पानावर खरा पासवर्ड कधीच टाकू नये. पण आता मीटरच्या जोडीला दुसरी तपासणी येते: हा पासवर्ड पूर्वी कुठे फुटलाय का? ऑस्ट्रेलियाच्या ट्रॉय हंट यांनी अशी सेवा ऑगस्ट २०१७ मध्ये ३० कोटी ६० लाख पासवर्डांनिशी सुरू केली. २०१८ पासून ती पासवर्ड न बघताच उत्तर देते.

ते असं. तुमच्याच यंत्रावर पासवर्डचा ४० चिन्हांचा हॅश निघतो. 'पासवर्ड' या इंग्रजी शब्दाचा हॅश '५बीएए६' ने सुरू होतो. फक्त ही पहिली पाच चिन्हं सेवेकडे जातात. पाच चिन्हांच्या १० लाख ४८ हजार ५७६ शक्यता आहेत, त्यामुळे एकेका उत्तरात शेकडो हॅशच्या शेपट्या येतात. उरलेली ३५ चिन्हं त्यांत आहेत का, हे तुमचंच यंत्र बघतं. सेवेला शेवटपर्यंत कळत नाही की तुमचा त्यांतला कुठला, किंवा त्यांत होता तरी का.

डेव्हलपरांसाठी एक सूचना: सेवा एक-दोन सेकंदांत उत्तर देत नसेल तर नोंदणी अडवून धरू नका, पुढच्या लॉगिनला पुन्हा तपासा. पासवर्डच्या चौकटीत पेस्ट करणंही अडवू नका. त्याने चोर थांबत नाही, पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारं सॉफ्टवेअर, वापरणारा सज्जन तेवढा वैतागतो.

## 'लांब ठेवला की झालं ना?'

बरंचसं. निस्टच्या नव्या मार्गदर्शिकेत, खातं एकट्या पासवर्डवर उघडत असेल तर किमान १५ अक्षरं हवीत. ओटीपीसारखं दुसरं काही सोबत असेल तर आठ चालतात. पण पंधरा वेळा एकच अक्षर दाबलं तर लांबीचा उपयोग शून्य. अभंगाची ओळ किंवा गाण्याचं ध्रुवपदही नको, तीही याद्यांमध्ये जातात.

फासे टाकून शब्द निवडणं ही जुनी, खात्रीची युक्ती आहे. पाच फासे टाकले की ७७७६ पैकी एक शब्द निघतो. असे चार शब्द म्हणजे सुमारे ३७ कोटी कोटी शक्यता, पाच शब्दांना याच्या ७७७६ पट. शब्द आवडला नाही म्हणून पुन्हा फासे टाकलेत तर मात्र निवड पुन्हा तुमची झाली आणि हिशेब बिघडला.

## यंत्राला शिकवून हे जमत नाही का?

जमतं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या गटाने २०१६ मध्ये फुटलेल्या पासवर्डांवर न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम, शिकवलं आणि ते काहीशे किलोबाइटमध्ये बसवलं, म्हणजे ब्राउझरमध्ये चालेल एवढं. 'या अक्षरांनंतर माणूस पुढे काय लिहील' याचा अंदाज ते बांधतं, त्यामुळे यादीत नसलेला पण माणसाच्या सवयीतून आलेला पासवर्डही पकडला जातो. अडचण जुनीच आहे, ज्यावर शिकवलं त्यातलंच ते ओळखतं. इंग्रजी पासवर्डांवर शिकलेल्या नेटवर्कला 'माउली'नंतर काय येतं हे सुचणार नाही. शिवाय निकालामागचं कारणही त्याला सांगता येत नाही. 'यात जन्मतारीख आहे' हे वाक्य माणसाला सुधारायला मदत करतं, नुसता लाल रंग करत नाही. म्हणून यादीवाली पद्धत मोडीत निघेल असं निदान मला वाटत नाही.

## 'आता पासकी आल्यात, मग ही उठाठेव कशाला?'

पासकीमुळे, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात ठेवलेल्या गुप्त किल्लीने होणाऱ्या लॉगिनमुळे, संकेतस्थळांवरचे पासवर्ड कमी होतील, हे खरं. पण पासवर्ड मॅनेजरचा मुख्य पासवर्ड, लॅपटॉपच्या डिस्कचा पासवर्ड आणि घरचा वायफाय राहतातच. वायफायच्या डब्ल्यूपीए२ पद्धतीत ८ ते ६३ अक्षरं चालतात. कुणाचा फोन जोडला जात असताना हवेतली देवाणघेवाण टिपून घेतली की पुढचे प्रयत्न घरी बसून करता येतात, तिथे 'तीन वेळा चुकलात' म्हणून कुणी अडवत नाही. पद्धत मुद्दाम संथ केलेली आहे, एकेका अंदाजामागे हॅशची ४०९६ आवर्तनं होतात. तरी चांगल्या ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला वीसेक लाख अंदाज निघतात. आपल्याकडे वायफायचा पासवर्ड म्हणून सर्रास मोबाइल नंबर ठेवला जातो. ४०० कोटी भागिले २० लाख म्हणजे दोन हजार सेकंद, जेमतेम अर्धा तास. बहुतेक राउटरांच्या सेटिंगमध्ये याला हिरवी पट्टी मिळते किंवा पट्टीच नसते. राउटरच्या पानावर जाऊन तो बदलायला पाच मिनिटं लागतात, आणि नंतर घरातला प्रत्येक फोन, टीव्ही पुन्हा जोडायला अर्धा तास.